जुनी वीणा वाजती करताना

जुनी वीणा विकत घेताना ती लगेच छेडून बघू नये. गंजलेल्या, कुठल्याच सुरात नसलेल्या तारांचा आवाज ऐकून वाद्याची पारख होत नाही. उलट चांगली वीणा नाकारली जाते आणि नव्या चकचकीत तारा चढवून ठेवलेली फुटकी वीणा घरी येते. आधी ती उचलायची, ठोकायची, डोळ्याजवळ धरायची. तारांचं नंतर.

वीणा म्हणजे इथं वारकऱ्यांची, भजनातली. सरस्वतीच्या हातातली नव्हे आणि बीनकारांची रुद्रवीणाही नव्हे. रचनेनं हा आखूड तंबोराच: खाली भोपळा, त्यावर लाकडी तबली, पोकळ दांडी, चार खुंट्या, चार तारा. हिच्यावर गाणं वाजवायचं नसतं, बोटांनी सूर दाबायचे नसतात. मोकळ्या तारा छेडत राहायचं आणि सूर धरून ठेवायचा. म्हणून ‘यात शिकायचं काय?’ असं विचारणारे भेटतात. बोट फिरवायला खरोखरच दहा मिनिटांत येतं. बाकीचं सगळं शिकणं खुंटी, मणी (तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा), सूत आणि कान यांत आहे. जुन्या वीणेवर ते टाळताही येत नाही, कारण तिचं काही ना काही बिघडलेलं असतंच.

हे टिपण ज्या वीणेवरून लिहिलं आहे तिचं माप घोडीपासून (तबलीवरचा, तारा पेलणारा तुकडा) मेरूपर्यंत (दांडीच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) २७ इंच. चारातली एक तार गायब, एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या तरी वाद्याची, घोडीवर तारांनी पाडलेले चर, भोपळ्याला दीड इंचाची केसासारखी चीर आणि तबलीवर बुक्क्याचा काळा थर. जुन्या वीणांची साधारण हीच अवस्था असते, त्यामुळे तिच्यावर जे केलं ते बहुतेक ठिकाणी लागू पडावं.

भोपळ्यापासून सुरुवात. बोटाच्या पेरानं गोल फिरत टिचक्या माराव्यात. धड भोपळा सगळीकडे साधारण एकसारखा, भरीव गुंजतो. चीर असेल तिथं आवाज बसका होतो किंवा बारीक खरखर येते. मग ती जागा उन्हात तिरकी धरून बघायची. हा भोपळा खायच्या दुधीचा भाऊबंद, पण जाड सालीचा आणि कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी तो मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. पुरता वाळलेला भोपळा वर्षानुवर्षं टिकतो, पण त्याला दोन वैरी: कीड आणि आपटणं. वीणा पालथी करून पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावी. कागदावर पिठासारखी पूड पडली तर कीड चालू आहे. नुसती जुनी भोकं दिसत असतील आणि पूड पडत नसेल तर बहुधा ती मेलेली आहे.

नंतर तबली. घोडीच्या दोन्ही बाजूंना आडवी फूटपट्टी ठेवून बघायचं. तबली मधोमध किंचित फुगीर असावी. सपाट झाली असेल तर चालवून घेता येतं, पण घोडीखाली खड्डा पडला असेल तर ती वीणा फुकट मिळाली तरी महाग. चार तारा मिळून तबलीला आणि दांडीला पंधरा-वीस किलोचा ताण असतो. खचलेली तबली तो पेलत नाही आणि ती बदलायची म्हणजे वीणा उघडावी लागते. दांडी खुंट्यांच्या टोकाकडून एक डोळा मिटून, नेम धरल्यासारखी बघायची. तारांच्या बाजूला थोडी झुकलेली असेल तर फारसं बिघडत नाही, कारण इथं पडद्यांवर सूर दाबायचा नाही. पीळ पडला असेल तर मात्र तारा घोडीवर तिरक्या बसतात आणि जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी झणकार, कधीच नीट लागत नाही. गळ्याचा सांधा शेवटी: भोपळा मांडीवर दाबून दांडी हळूच मागंपुढं करायची. सांध्यात रेघ उघडते-मिटते असं दिसलं तर सांधा चिकटवणारा सरस सुटलेला आहे.

यातलं काय घरी करायचं आणि काय कारागिराकडे न्यायचं, याची सीमारेषा आमच्या मते सरळ आहे. ज्यासाठी तबली उघडावी लागते ते काम मिरजेला. तिथं १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी सतारी-तंबोऱ्यांचं काम सुरू केलं असं सांगतात. शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीतला सुतार कितीही हुशार असला तरी तबलीची जाडी हाताला कळणं ही वेगळी विद्या आहे.

आता साफसफाई, आणि इथंच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. भजनाची वीणा नुसतं वाद्य नसते, तिची रोज पूजा होते. गंध, हळदकुंकू, बुक्का, ओला हार. ओल्या हाराचं पाणी लंगोटापाशी मुरतं. लंगोट म्हणजे भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवायची पट्टी. तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडलं असेल तर नखानं टोचून बघायचं. नख रुतलं तर लंगोट हलवून धड जागी बसवून घ्यावा. बुक्का तर घोडीवर तारेखाली जाऊन बसतो आणि जवारी मारतो. तो कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचा, रंगकामाचा एक इंची ब्रश चालतो, आणि मग मलमलीच्या फडक्यानं पुसायचा. पाणी नको. स्पिरिट, सॅनिटायझर तर अजिबात नको. जुन्या वीणेचं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं असतं, चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात, त्यामुळे डागाबरोबर पॉलिशही फडक्यावर येतं.

तारा काढण्याआधी एक काम विसरायचं नाही: घोडीच्या चारही कोपऱ्यांशी पेन्सिलीच्या बारीक खुणा करायच्या. घोडी बहुधा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं बसलेली असते. ताण गेला की ती सुटते आणि मग ‘इथंच होती बहुतेक’ असं होतं. चारही तारा थोड्या-थोड्या, आळीपाळीनं सैल करायच्या. ताणलेली तार पकडीनं कापू नये. ती डोळ्याकडे उडते, तबलीलाही झटका बसतो.

दीड इंचाची चीर घरी भरता आली. खरवडून काढलेली भोपळ्याची बारीक पूड अराल्डाइटमध्ये कालवायची. पूड नसेल तर लाकडाचा चाळलेला भुसा. चीर पिनेनं साफ करून मिश्रण आत दाबायचं, भोवतीनं कापडी पट्टी घट्ट आवळून २४ तास ठेवायचं आणि बारीक पॉलिश पेपरनं सपाट करायचं. फेविक्विक वापरू नये. ते पाण्यासारखं पसरतं, पॉलिशवर पांढुरके डाग पाडतं आणि कडक होऊन वाद्याच्या कंपनानं पुन्हा तडकतं. चीर गळ्यापर्यंत गेली असेल तर वरून भरून काही उपयोग नाही, आतून पट्टी लावावी लागते.

खुंट्यांचा त्रास दोनच प्रकारचा, आणि दोन्ही ऋतूंप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंटी अडकून बसते. उन्हाळ्यात आकसतं, खुंटी घसरते आणि तार सैल पडते. घसरणाऱ्या खुंटीला पांढरा खडू घासायचा, अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण. दोन्ही थोडे-थोडे लावून जमवता येतं. तेल कधीच नाही. एकदा तेल मुरलं की ती खुंटी आयुष्यभर घसरते. परकी खुंटी मात्र खडू-साबणानं सुधारत नाही. ती भोकात गोल फिरते, पण टेकते फक्त एका कडेला. ओळखायची रीत अशी की खुंटीला खडू लावून दोन वेढे फिरवायची आणि बाहेर काढायची. खडू सगळीकडे सारखा पुसला गेला असेल तर ती बसते आहे. एकाच ठिकाणी चकाकी असेल तर दुसरी शिसवी खुंटी घडवून घ्यायची. खुंटी पिळताना ती त्याच वेळी आत दाबत राहायची, ही सवय हाताला लागेपर्यंत आठवडा जातो. नुसती फिरवली तर सूर लागतो आणि हात काढताच उतरतो. शिकणारा तारेला दोष देतो आणि तार बदलत बसतो.

तारांचे नंबर. दुकानात ‘वीणेच्या तारा’ म्हणून जो संच मिळतो तो कुठल्या पट्टीसाठी आहे हे सांगायला कुणी नसतं. पट्टी आपली आपण ठरवावी लागते, आणि ती आपल्या गळ्यावर नाही, ज्या भजनी मंडळात बसायचं तिथल्या पेटीवर ठरते. आमच्या २७ इंची वीणेवर पांढरी चारसाठी (पेटीची चौथी पांढरी पट्टी, इंग्रजीत ‘एफ’) जमलेलं गणित असं: पहिली, पंचमाची तार २६ नंबर पोलादी. मधली जोड, म्हणजे षड्जाच्या दोन तारा, २९ नंबर पोलादी. शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, २२ नंबर पितळी. नंबर वाढला की तार बारीक होते, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. हीच वीणा काळी एकला उतरवायची तर या तारा लुळ्या पडतात, दांडीवर फटफट आपटतात. तेव्हा प्रत्येक तार दोन नंबरांनी जाड घ्यायची: २४, २७, २७ आणि २०. पंचमाला पितळी तार लावायचा मोह होतो, कारण तिचा आवाज गोड. पट्टी खाली असेल तर लावावी. वरच्या पट्टीत पितळ तग धरत नाही.

इथं एक गैरसमज फार पक्का आहे: ‘तार तुटते, मग बारीक घाल’. तार कोणत्या सुराला तुटणार हे तिच्या जाडीवर नाही, लांबीवर आणि धातूवर ठरतं. बारीक तारेला त्याच सुरासाठी ताण कमी लागतो खरा, पण तिची ताकदही त्याच प्रमाणात कमी असते. नवीन पोलादी जोड तुटत असेल तर बहुतेक वेळा कारण निराळंच निघतं: सप्तक चुकलेलं असतं. मोबाईलमधलं ट्यूनर ॲप फक्त ‘एफ’ एवढंच ठळक दाखवतं, तो कुठल्या सप्तकातला हे बघायची सवय नसते. पांढरी चारच्या षड्जाला सेकंदाला सुमारे १७५ कंपनं हवीत. माणूस पिळत-पिळत ३४९ला पोचतो, तिथंही ॲप ‘एफ’च म्हणतं. सूर दुप्पट झाला की ताण चौपट होतो. तार तुटली तर नशीब, घोडीखालची तबली बसली तर पंचाईत. म्हणून ॲप लावण्याआधी पेटीचा किंवा स्वतःच्या गळ्याचा षड्ज कानात घेऊन मगच खुंटीला हात घालायचा.

तार बसवताना टोक दोन इंच दुमडून सहा-सात घट्ट पीळ देऊन फास करायचा आणि तो लंगोटात अडकवायचा. पितळेला पीळ सावकाश द्यायचा, घाई केली की फासापाशीच तुटते. मग मणी ओवायचा. घोडीवरून तार मेरूवर, तिथून तारदानाच्या (मेरूपलीकडची भोकं असलेली पट्टी) भोकातून खुंटीला. मणी ओवायचा राहून गेला हे खुंटी भरल्यावर लक्षात येतं, प्रत्येकाच्या बाबतीत निदान एकदा. खुंटीवर तीन-चार वेढे पुरतात. वेढे जाड कडेकडे सरकत जावेत, म्हणजे तारेचा ताणच खुंटीला आत खेचतो.

पहिल्या दिवशी सूर लावायची आशाच ठेवू नये. नव्या तारा दोन-तीन दिवस सैलावत राहतात. त्या काळात जवारीकडे बघून घ्यावं.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा तो किंचित उतार, ज्याला तार निसटता स्पर्श करते आणि आवाज नुसता ‘टंग’ न होता उमलत जातो. घोडीवर चर पडले की तार त्या खोबणीत अडकते आणि आवाज मुका होतो. चर किती खोल आहेत हे बघायला घोडीचा माथा मऊ पेन्सिलीनं काळा करायचा, तार चढवून आठ-दहा वेळा छेडायची आणि बाजूला सारून बघायचं. जिथं तार घासते तिथं काळेपणा पुसून रेघ चकाकते. ती रेघ दोन-तीन मिलिमीटर लांब आणि पुढं निमुळती होत गेलेली असेल तर जवारी जिवंत आहे. नुसता एक ठिपका असेल तर तार एका टोकावरच टेकते आहे. अख्ख्या घोडीभर रेघ असेल तर माथा सपाट झालेला आहे.

हलके चर ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं निघतात. पेपर बोटावर न धरता लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा आणि घोडीच्या मूळ उताराच्या दिशेनं फिरवायचा. पाच-सहा हात, पुन्हा पेन्सिल, पुन्हा तार. कंटाळवाणं काम आहे आणि तसंच करावं लागतं, कारण एक हात जास्त पडला की परत येत नाही. कानस आम्ही नवशिक्याच्या हातात देणार नाही. खोल चर असतील तर जवारी करणाऱ्याकडे जावं आणि जाताना कुठल्या पट्टीला वीणा लावणार हे सांगावं, तारा तिथं नेऊन चढवाव्यात. बैठकीच्या तंबोऱ्याची जवारी गोल, थोडी बंद चांगली लागते. टाळ-मृदंगात उभ्यानं वाजणाऱ्या वीणेला मात्र खुली जवारी बरी. किंचित कर्कश वाटते, पण वीस टाळांच्या आतून वाट काढते.

शेवटचा हात सुताचा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, दोन इंच लांब, बिनपिळाचा. पॉलिएस्टर दोरा गुळगुळीत असल्यामुळे जागेवर राहत नाही. सूत मागं असताना तार झिणझिणते, फार पुढं आलं की आवाज बसतो. या दोहोंमध्ये एक जागा असते जिथं आवाज एकदम मोठा होतो, जणू खोलीचं दार उघडलं. ती जागा जेमतेम मिलिमीटरभर रुंद. पहिल्यांदा सापडायला अर्धा तास लागतो, महिन्याभरात दोन मिनिटांत सापडते. चारही तारांची जागा वेगवेगळी असते, आणि सूर बदलला की तीही थोडी सरकते.

आता सूर. सुरुवात जोडीतल्या पहिल्या तारेपासून. ती पेटीच्या षड्जाला मिळवायची. पेटीचा सूर सतत चालू ठेवू नये. ऐकायचा, थांबवायचा, गळ्यातून काढायचा आणि मग तार लावायची. सतत वाजणारी पेटी कानाला आळशी करते. दुसरी जोड पहिलीशी मिळवताना दोन्ही पाठोपाठ छेडायच्या. थोडा फरक असला की एकत्र आवाज हेलकावे खातो: वाँव-वाँव-वाँव. सेकंदाला चार हेलकावे म्हणजे चार कंपनांचा फरक. खुंटी जराशी फिरवल्यावर हेलकावे मंदावले तर दिशा बरोबर, वाढले तर उलटी. हेलकावे लांबत-लांबत नाहीसे होतात आणि दोन तारांची एकच तार होते. इथं ॲपची गरज उरत नाही आणि ते बाजूला ठेवलेलंच बरं. खुंटीनं सूर किंचित खाली ठेवायचा आणि शेवटचा भाग मण्यानं भरायचा. मणी लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. त्यामुळे सुरुवातीला मणी मधोमध असायला हवा. सगळे मणी लंगोटाला टेकलेले दिसले की समजावं, खुंट्यांचं काम मण्यांकडून करून घेतलेलं आहे.

मग खर्ज, मग पंचम. अभंगाच्या चालीत पंचम नसेल किंवा मध्यम प्रबळ असेल तर पहिली तार मध्यमाला. चारही लागल्यावर पुन्हा जोडीकडे यायचं, कारण खर्जाचा ताण वाढला की तबली किंचित दबते आणि आधी लावलेली जोड उतरते. हा फेरा तीनदा होतो. खर्ज नीट लागला आणि जवारी मोकळी असली की त्या एकट्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो कुणी वाजवत नसतं. तारेचं पाचवं स्वरांशकंपन, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर असतो तो, दोन सप्तकं वर. गांधार डुगडुगत असेल तर खर्ज अजून पुरता लागलेला नाही.

कान तयार करायला एकच कसरत पुरे. जोडीतली एक तार मुद्दाम अर्ध्या सुरानं उतरवायची आणि ॲप न बघता परत आणायची. रोज दहा वेळा. पहिल्या आठवड्यात एका खेपेला तीन-चार मिनिटं लागतात, दोन महिन्यांनी वीस सेकंद. प्रत्यक्ष भजनात वीस सेकंदांहून जास्त वेळ मिळत नाही.

आणि बोट. नखानं नाही, पेराच्या मांसल कडेनं. तार वर उचकटायची नाही. बोट तारेवर टेकवून आडवं निसटू द्यायचं. बसून वाजवताना पंचमाला मधलं बोट आणि उरलेल्या तिन्ही तारांना तर्जनी. जागा दांडीच्या साधारण मध्यावर, घोडीजवळ नाही, तिथं आवाज कोरडा होतो. चार तारांचा एक फेरा तीन-चार सेकंदांचा, खर्जावर किंचित थांबून. पहिली तार अजून वाजत असतानाच पुढची छेडली पाहिजे, दोन छेडींच्या मध्ये आवाजाला भोक पडता कामा नये. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं पुरे. एका बैठकीत तासभर वाजवलं की तर्जनीला फोड येतो आणि तीन दिवस बुडतात. दोन-तीन आठवड्यांत कातडी जाड होते.

टाळ सुरू झाले की नवशिक्याचं बोट आपोआप ठेक्यात पडतं. मृदंगाची दुगण सुरू झाली की छेडही दुप्पट होते आणि वीणा टाळाची नक्कल करू लागते. बसल्या भजनात हे टाळायला हवं. सराव म्हणून मोबाईलवर भजनी ठेका लावायचा आणि वीणा मुद्दाम आपल्या संथ चालीत ठेवायची. डोकं गरगरतं, पण आठवड्यात सुटतं. दुसरी खोड म्हणजे स्वतः गायला लागलं की हात थांबणं. त्यालाही तोच उपाय, गाताना वाजवायचं, आधी नुसता षड्ज, मग हरिपाठातल्या दोन ओळी. दिंडीत चालताना अनेक वीणेकरी एकाच बोटानं चारही तारांवरून जातात, त्याला चूक म्हणू नये. चालता-चालता दोन बोटांची शिस्त सांभाळणं कठीण असतं आणि तिथं वीणा सुरापेक्षा खुणेसाठी जास्त असते.

उभ्यानं धरणं हा वेगळा अभ्यास. पट्टा खांद्यावरून घेऊन भोपळा कमरेच्या उजव्या अंगाला, दांडी तिरकी डाव्या खांद्याकडे. पट्ट्याची लांबी अशी की हात सोडले तरी वीणा जागची हलू नये. पट्टा लांब असला तर पावलागणिक भोपळा कमरेवर आपटतो. आमच्या वीणेची चीर बघता तीही अशीच पडली असावी. उपरण्याचं टोक तारांवर येऊन आवाज मारतं, ते आधीच खोचून घ्यावं. घरातल्या घरात वीस मिनिटं चालत वाजवून बघितल्याशिवाय दिंडीत उभं राहू नये.

सप्ताहात वीणेचा पहारा घ्यायचा असेल तर तयारी निराळी. पहारे बहुधा दोन-दोन तासांचे असतात आणि त्या काळात वीणा खाली टेकवायची नसते. पहारा बदलताना एकमेकांच्या पाया पडून वीणा हातात द्यायची. देताना दांडी धरून देऊ नये, एक हात भोपळ्याखाली हवाच. दोन तास उभं राहण्यात पाय नाही, डावा खांदा दुखतो, त्यामुळे पट्टा निदान दोन इंच रुंद असावा. काकड्याच्या वेळी गारव्यानं तारा आखडतात आणि सूर थोडा चढतो. माणसं जमली, समया पेटल्या की उतरतो. दोन्ही वेळा खुंटीला हात न लावता मण्यानं भागतं. मध्येच तार तुटली तर थांबायचं नाही. जोडीतली एक गेली तर कुणाला कळतही नाही. पंचम गेला तर तिन्ही षड्जांवर चालवायचं. तुटलेली तार मात्र लगेच गुंडाळून खोचावी, लोंबती राहिली की ती दुसऱ्या तारांवर खरखरते.

वारी ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे ऐन पावसात. वाटेत प्लास्टिकचं आच्छादन हवंच, पण मुक्कामी पोचल्यावर ते आधी काढायचं. ओलावा आत कोंडला की रात्रीतून तबलीला आतल्या अंगानं बुरशी धरते. कोरड्या फडक्यानं पुसून, चारही तारा अंदाजे एका सुरानं उतरवून, कापडी गवसणीत घालून वीणा खुंटीला टांगावी किंवा भिंतीशी उभी करावी, पण भिंतीला ओल नाही हे बघून. हार घालायचा असेल तर तो दांडीच्या वरच्या टोकाला, आणि रात्री काढून ठेवायचा. याला कुणी हरकत घेतली तर लंगोटापाशी मऊ पडलेलं लाकूड दाखवावं.

गवसणीच्या आत एक छोटी पिशवी असावी: २६ नंबरची एक आणि २९च्या दोन तारा, २२ची पितळी एक, सगळ्या तळहाताएवढ्या वेटोळ्यात. दोन जादा मणी, सुती दोरा, खडूचा तुकडा, बारीक पकड. आणि पेन्सिल, कारण घोडीच्या खुणा पुसल्या जातात आणि प्रत्येक तार बदलीला पुन्हा कराव्या लागतात.